वाचकांचे प्रश्न: वळू किती उरले, हे कोण मोजते?

पाळीव जनावरांच्या आनुवंशिक विविधतेचे जतन व्हावे यासाठी सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समित्यांविषयी गेल्या अंकात या सदरात थोडे लिहिले होते. कोणत्या जातीचे किती नर आणि किती माद्या खरोखर पैदाशीत आहेत याचा हिशोब ठेवणे हे अशा समितीचे पहिले काम आहे, असे त्यात म्हटले होते. त्यावर सोलापूर जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रे निवडून उत्तरे देत आहे.

खिलार जातीचे गाई-बैल पाळणारे एक वाचक, सांगोला तालुका: आमच्या घरी चार पिढ्यांपासून खिलार आहे. रविवारी सांगोल्याच्या बाजारात उभा राहिलो तर शिंगे, तोंडवळा आणि चाल पाहून जनावर कोणत्या भागातले, हे मी सांगू शकतो. मग दूर कर्नालला किंवा दिल्लीला बसणाऱ्या तज्ज्ञांनी जात कशी राखावी हे मला काय सांगायचे? समिती नेमून जात टिकते का?

आपली नजर ही चार पिढ्यांची कमाई आहे, आणि कोणत्याही समितीने तिची बरोबरी करण्याचा आव आणू नये. काजळी खिलार आणि कोसा खिलार, आटपाडीकडचे जनावर आणि म्हसवडकडचे जनावर यांतला फरक आपल्यासारख्या पशुपालकांनी आधी ओळखला, म्हणूनच तो पुढे पुस्तकांत उतरला. परंतु एका दावणीवरून किंवा एका बाजारावरून न दिसणारी एक गोष्ट आहे, आणि समिती लागते ती तिच्यासाठी.

समजा, काही गावांच्या टापूत पैदाशीच्या १,००० खिलार गाई आहेत आणि त्या सगळ्या पाच वळूंकडून भरवल्या जातात. हजार गाई पाहणाऱ्याला जात भरभक्कम वाटेल. आनुवंशशास्त्रात मात्र नरांच्या संख्येला माद्यांच्या संख्येने आणि मग चारने गुणतात, आणि आलेल्या आकड्याला दोन्हींच्या बेरजेने भागतात. सगळे वळू सारखेच वापरले जातात असे धरून निघालेल्या या आकड्याला पैदाशीची परिणामी संख्या म्हणतात. वरच्या उदाहरणात ती जेमतेम २० भरते, म्हणजे रक्ताच्या दृष्टीने हा हजाराचा कळप दहा नर आणि दहा माद्यांच्या कळपाएवढाच आहे. आता वळू पाचच ठेवून गाई निम्म्या करा, म्हणजे ५०० धरा. आकडा २० च्या आसपासच राहतो. उलट गाई हजारच ठेवून वळू पाचाचे दहा करा, की तो ४० च्या जवळ पोहोचतो. जवळच्या रक्तातली पैदास किती वेगाने वाढते तेही यावरूनच काढता येते: परिणामी संख्या २० असेल तर ती दर पिढीला अडीच टक्क्यांनी वाढते, ५० असेल तर एका टक्क्याने, आणि म्हणूनच ५० च्या खाली जाऊ नये असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वासरे अशक्त निपजणे, गाई वारंवार उलटणे (भरवूनही गाभण न राहणे), रोगाला लवकर बळी पडणे हे त्याचे परिणाम गोठ्यात दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हा हिशोब एका शेतकऱ्याला करता येत नाही, कारण शेजारच्या तालुक्यात कोणता वळू किती गाईंना लावला गेला, हे त्याला कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे पाळीव पशूंच्या आनुवंशिक संसाधनांसाठी जागतिक कृती आराखडा स्वीकारला गेला. प्रत्येक देशाने या कामासाठी एक समन्वयक नेमावा आणि त्याच्या सोबतीला पशुपालक, शास्त्रज्ञ, पशुवैद्यक व प्रशासन यांचा समावेश असलेली सल्लागार समिती असावी, असे ही संघटना सुचवते. जात किती संकटात आहे हे ठरवण्यासाठी या संघटनेची एक मोजपट्टी बराच काळ वापरली गेली आहे. पैदाशीच्या माद्या १०० किंवा त्याहून कमी उरल्या, अथवा पैदाशीचे नर ५ किंवा त्याहून कमी उरले, तर ती जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे असे तीत धरले जाते. या वाक्यातील ‘अथवा’ महत्त्वाचा आहे. माद्या कितीही असोत, नर संपत आले की धोक्याची घंटा वाजली पाहिजे.

आपल्याकडे २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत जातीनिहाय मोजणी झाली, ही मोठीच सोय आहे. तरीही गणनेत नोंदलेला प्रत्येक नर पैदाशीचा नसतो. त्यातला कोण औताला जुंपलेला आहे आणि कोण वळू म्हणून वापरला जातो, हे आपल्यासारख्यांनी सांगितल्याखेरीज कळत नाही. जात टिकते ती पाळणाऱ्याच्या दावणीवर, समितीच्या बैठकीत नव्हे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. आणि म्हणूनच ज्या समितीत पशुपालक नाही तिचा सल्ला अपुरा राहणार, असे मी मानतो.

एक वाचिका, पंढरपूर तालुका: आमच्याकडे पाच पंढरपुरी म्हशी आहेत. रेतनासाठी येणारे लोक मुऱ्ह्याची, म्हणजे जास्त दुधाच्या त्या जातीच्या रेड्याची, कांडी (गोठवलेल्या रेताची नळी) भरा म्हणतात, आणि त्यापासून झालेल्या वगारी दुधाला जास्त चालतात हेही डोळ्यांनी पाहिले आहे. पंढरपुरी जपा असे आपण लिहिता, तर आमच्या नुकसानीचे काय?

ताई, आपला हिशोब चुकलेला नाही. दुधावर ज्यांचे घर चालते त्यांनी जास्त दुधाकडे पाहावे यात दोष काढण्यासारखे काहीच नाही. प्रत्येक घराने आपापल्यापुरता योग्य निर्णय घेतला तरी सगळ्यांचे मिळून एक मोठे नुकसान होऊ शकते, आणि त्या नुकसानीकडे पाहण्यासाठी कोणीतरी नेमलेले असावे लागते. तज्ज्ञ समितीचे हे दुसरे काम आहे.

पंढरपुरी म्हैस मुऱ्ह्याइतके दूध देत नाही, पण ती कडब्यावर आणि सुक्या वैरणीवर तग धरते, सोलापूरचा उन्हाळा सोसते, वेळेवर माजावर येते आणि वेताचे अंतर फार लांबू देत नाही. तिच्या दुधाला फॅट चांगले असते. खांद्याच्याही मागे जाणारी तलवारीसारखी शिंगे आणि त्यांवरून पडलेली भारकंड, टोकी, मेटी ही नावे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. दुष्काळी वर्षात छावणीत उभ्या असलेल्या म्हशींपैकी कोणती लवकर सावरली, हे आठवून पाहा. हे गुण दुधाच्या मापात दिसत नाहीत, म्हणून ते किमतीतही उतरत नाहीत.

पैदाशीच्या धोरणाचे एक जुने आणि शहाणे सूत्र असे की, ज्या भागात एखादी जात मूळची आहे तिथे तिची सुधारणा त्याच जातीच्या निवडक नरांकडून करावी, आणि ज्या जनावरांना ठराविक जात सांगता येत नाही त्यांच्यासाठी जास्त दुधाच्या जातीचे रेत वापरावे. सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर हा पंढरपुरीचा मुलूख आहे; तेव्हा इथे पंढरपुरीच्याच रेड्याची कांडी सहज मिळाली पाहिजे. ती वेळेवर मिळत नसेल तर धोरण कागदावर राहते, आणि त्याचा दोष आपल्याकडे येत नाही. समितीने सरकारला नेमके हेच सांगायचे असते: रेत केंद्रावर या जातीचे किती रेडे आहेत, ते वेगवेगळ्या घराण्यांतले आहेत की एकाच म्हशीची लेकरे आहेत, त्यांच्या आयांच्या दुधाची नोंद झाली आहे की नाही, आणि जात राखणाऱ्या घराला दुधातली तूट भरून देण्याची काही तरतूद आहे का. सगळ्यांसाठी राखायच्या ठेव्याचा खर्च एका गोठ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते, आणि सल्लागारांनी हे सरकारपुढे स्पष्ट शब्दांत मांडायला हवे.

आपल्यापुरते विचाराल तर, पाचांपैकी अंगाने आणि दुधाने सर्वांत चांगल्या दोन म्हशी पंढरपुरी रेड्याकडूनच भरवा आणि त्यांच्या वगारी विकू नका. उरलेल्या तिघींबाबत आपण योग्य तो निर्णय घ्यालच.

कृषी महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी, मोहोळ: जातीची नोंदणी होते म्हणजे नेमके काय होते? आमच्या भागातली काळी मेंढी ‘सोलापुरी’ म्हणून ओळखली जाते; तिची वेगळी नोंद का नाही?

भारतात हे काम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या जाती नोंदणी समितीकडे आहे, आणि तिची कचेरीची बाजू १९८४ साली स्थापन झालेला कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो सांभाळतो. अर्ज सरकारी खात्यानेच करावा असे नाही. पशुपालकांची संघटनाही तो करू शकते. जनावरांचा मुलूख कोणता, संख्या किती, उंची, लांबी आणि छातीचा घेर किती, दूध, लोकर, वेत यांचे आकडे काय, ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासारखीच पिल्ले देतात का, आणि रेणूंच्या पातळीवर ती शेजारच्या जातींपेक्षा खरोखर वेगळी आहेत का, हे सगळे अर्जात मांडावे लागते. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा दुजोरा लागतो. मग समिती तपासणी करून जातीला क्रमांक देते.

या पद्धतीने महाराष्ट्रातल्या कोकण कपिला गाईला, विदर्भातल्या कठाणी गाईला आणि पूर्णाथडी म्हशीला जात म्हणून मान्यता मिळाली. आपल्या जवळचे उदाहरण भीमथडी घोड्याचे आहे. भीमेच्या काठाचे नाव घेऊन वावरणारे हे काटक जनावर धनगरांच्या वाड्याबरोबर ओझे वाहत फिरत राहिले. त्याची वेगळी जात म्हणून नोंद अगदी अलीकडे झाली. ज्या जातीला नाव नाही तिची गणना होत नाही, तिच्यासाठी पैसा येत नाही, आणि ती संपली तरी त्याची कोणी दखल घेत नाही. म्हणून नोंदणीला मी केवळ कागद मानत नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की सोलापुरी मेंढी ही दख्खनी जातीचाच एक प्रकार धरली जाते. लोणंद, संगमनेरी आणि कोल्हापुरी हे तिचे इतर प्रकार. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र जात म्हणण्याचा मोह समितीने आवरायचा असतो, कारण मोठ्या जातीचे लहान तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यातले नर कमी होतात आणि रक्त अरुंद होते. मात्र दख्खनीकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे हे खरे. घोंगडीला गिऱ्हाईक उरले नाही, काळ्या राठ लोकरीला भाव उरला नाही, आणि मटणासाठी भराभर वाढणारे मेंढे कळपात आले. ज्या गुणासाठी जात राखली जात होती त्याची किंमत गेली की जातही जाते, आणि हे सगळ्यांत शांतपणे घडते.

‘मग जाऊ द्यावी, नवी आणावी’ असे म्हणणाऱ्यांना फलटणचे उदाहरण सांग. दख्खनी मेंढी सहसा एका वेळी एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनात राहणाऱ्या गारोळ नावाच्या अगदी लहानखुऱ्या मेंढीतला जुळी कोकरे देणारा जनुक पैदाशीच्या मार्गाने दख्खनीत आणला आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. गारोळ मेंढी अंगाने इतकी लहान की मटणाच्या हिशोबाने तिला कोणी राखले नसते. ती टिकून होती म्हणून माणदेशातल्या मेंढपाळाच्या उपयोगी पडली. उद्या कोणत्या जातीचा कोणता गुण लागेल, हे आज कोणालाच ठरवता येत नाही.

एक वाचक, माळशिरस तालुका: बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून खिलार खोंडांना सोन्याचा भाव आला आहे. मग खिलारची काळजी कशाला?

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा शर्यतींविषयीचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर खिलार पाळण्याची हौस वाढली, हे चांगलेच झाले. मागणी असलेली जात सहसा नामशेष होत नाही. काळजी वेगळी आहे. शर्यत जिंकलेल्या एका वळूकडे दहा तालुक्यांतल्या गाई जाऊ लागल्या, तर वर सांगितलेला हिशोब आणखी बिघडतो, कारण वळू नावाला दहा असले तरी वासरे एकाचीच असतात.

याचा सर्वांत मोठा दाखला होल्स्टिन या जास्त दुधाच्या विदेशी गाईंचा आहे. जगभर या गाई लाखोंनी आहेत. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या कृत्रिम रेतनाच्या वळूंच्या वंशावळी मागे मागे नेऊन पाहिल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्यांची नरवंशाची रेषा १९६० च्या दशकात जन्मलेल्या फक्त दोन वळूंपर्यंत पोहोचली. इतर नररेषा कोणी मुद्दाम संपवल्या नव्हत्या. प्रत्येकाने सर्वांत चांगला वळू निवडला, एवढेच. सुदैवाने अमेरिकेच्या राष्ट्रीय पशू जननद्रव्य कार्यक्रमाने कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे जुन्या वळूंचे गोठवलेले रेत साठवले होते. त्या साठ्यातून हरवलेल्या दोन नररेषांची वासरे पुन्हा जन्माला घालता आली. हा कार्यक्रम १९९९ मध्ये सुरू झाला आणि कोणते रेत साठवायचे हे ठरवताना त्याला प्रत्येक पशुप्रकारासाठी नेमलेल्या समित्यांचा सल्ला मिळतो. ज्या वळूला त्या वेळी कोणी विचारत नव्हते त्याच्याही काही कांड्या ठेवाव्यात असे म्हणणारे कोणीतरी असावे लागते.

शर्यतीच्या वळूवर बंदी घालावी असे माझे म्हणणे नाही. आपल्या गावातल्या न जिंकलेल्या, पण अंगाने नीट आणि वेगळ्या घराण्यातल्या वळूलाही काही गाई द्या.

एक वाचक, बार्शी: रेत गोठवून ठेवले की झाले, जनावर कशाला राखायचे?

उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेत अनेक दशके टिकते, पण त्यात निम्माच वारसा असतो. माद्या संपल्या असतील तर दुसऱ्या जातीच्या गाईंना ते भरून पिढ्या पुढे न्याव्या लागतात: पहिल्या पिढीत ५० टक्के, दुसरीत ७५, तिसरीत ८७.५ आणि पाचवीत ९७ टक्क्यांच्या आसपास मूळ रक्त परत येते. गाईंच्या बाबतीत याला वीसएक वर्षे लागू शकतात. शिवाय ते जनावर हाताळायचे कसे, हे माहीत असलेली माणसे नायट्रोजनच्या भांड्यात ठेवता येत नाहीत. साठा हा विमा आहे, तो ठेवावाच, पण दावण रिकामी होऊ देऊ नये.

एक वाचक, करमाळा तालुका: २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा बाजार बंद पडले आणि अनेकांची जनावरे गेली. अशा वेळी या समित्या काय करतात? आणि आपल्या तालुक्यात अशी समिती आपणच काढू शकतो का?

खरे काम साथ येण्याच्या आधी करायचे असते. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारून टाकावी लागली. उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रिया भागातली हर्डविक मेंढी त्या वेळी मोठ्या संकटात सापडली. तिची संख्या तशी कमी नव्हती, पण जवळजवळ सगळ्या मेंढ्या एकाच डोंगराळ मुलखात होत्या, आणि साथ नेमकी तिथेच पसरली. घाईघाईने रेत आणि गर्भ गोळा करून साठवावे लागले. या अनुभवामुळे जात किती आहे याबरोबर ती किती थोड्या जागेत एकवटली आहे, हाही धोक्याचा निकष म्हणून विचारात घेतला जाऊ लागला. तिथे सरकारला सल्ला देणारी तज्ज्ञ समिती संकटात असलेल्या देशी जातींच्या यादीबाबत मत देते. साथीत कळप मारण्याची वेळ आली तर दुर्मीळ जातींना कोणती सवलत द्यावी, हेही अशी यादी आधी तयार असेल तरच ठरवता येते. लम्पीत आपल्याकडे जनावरे मारण्याचा प्रश्न आला नाही, पण धडा तोच आहे. एखाद्या चांगल्या वळूचे रेत तो निरोगी असताना साठवले गेले नसेल, तर साथीनंतर त्याची आठवण तेवढी मागे राहते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. पुष्कळ ठिकाणी या नोंदवहीत झाडे, पक्षी आणि औषधी वनस्पती भरल्या जातात, पण गोठ्यातली जनावरे राहून जातात. मूळ कायद्यातल्या जतन करायच्या गोष्टींत पाळीव जनावरांच्या जातींचे नाव स्पष्टपणे घेतलेले आहे, म्हणून ग्रामसभेत उभे राहून ही मागणी करण्याचा आपल्याला अधिकार आहे.

नोंद करताना ‘खिलार गाई इतक्या’ एवढ्यावर थांबू नका. गावात पैदाशीला वापरले जाणारे वळू, रेडे, बोकड आणि मेंढे किती, प्रत्येकाचे वय काय, तो कोणाच्या घरचा, त्याची आई कोणती आणि बाप कुठला, वर्षभरात त्याला अंदाजे किती माद्या लावल्या, आणि गावाबाहेरून आणला असेल तर कोठून, हे लिहा. कृत्रिम रेतन होत असेल तर कांडीवरचा वळूचा क्रमांक गाईच्या कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासमोर नोंदवा. उस्मानाबादी शेळ्यांचे कळप असतील तर बोकड किती वर्षांनी बदलतात हे विचारा, कारण घरचाच बोकड घरच्याच पाठींवर (तरुण शेळ्यांवर) चालवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. धनगरांचे वाडे चराईला बाहेर असतील तर ते परत आल्यावर पुन्हा जा. दरवर्षी एकाच महिन्यात, शक्यतो कार्तिकीनंतर, ही मोजणी करा, म्हणजे पुढच्या वर्षीचा आकडा मागच्याशी ताडून पाहता येईल. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याची एक प्रत द्या आणि पोच घ्या.